"लोक फारच भाव पाडतात हो!"

मंडळी, जुनं सामान ऑनलाइन विकायला काढणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार. मला विचाराल तर घोडं भाव पाडणाऱ्यापाशी नाही, भाव लावणाऱ्यापाशीच अडतं.

जावा 6 आलं 2006 साली. त्यावरच्या पुस्तकाचे महाशय आजही 500 रुपये मागतात. का, तर "एकदाच उघडलंय"! अहो, म्हणूनच विकताय ना?

1990 साली काहनेमन, नेच आणि थेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि बाजार मांडला. मगवाल्यांनी मागितलेला भाव घेणाऱ्यांच्या भावाच्या साधारण दुप्पट! फुकट मिळालेल्या मगाची ही कथा, तर लग्नात आलेल्या मिक्सरचं काय सांगावं?

तेव्हा स्वतःला एकच विचारा: ही वस्तू माझ्याकडे नसती, तर जुनी म्हणून मी केवढ्याला घेतली असती? तोच भाव लावा. आठवड्यात गेली नाही तर निम्मा करा. गाइडं आणि पाठ्यपुस्तकं अभ्यासक्रम बदलायच्या आत काढा. नाहीतर माळ्यावरचं पुस्तक शेवटी रद्दीत किलोवर जातं, आणि ज्या पोराला ते हवं होतं त्याला मिळत नाही ते नाहीच.

आणि हो, घासाघीस न करता पूर्ण भाव कबूल करून "क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील" म्हणणारा भेटला की फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. त्यापेक्षा भाव पाडणारं गिऱ्हाईक परवडलं!