गुडघ्याला वस्ताद पाहिजे

माझा उजवा गुडघा सत्तेचाळिसाव्या वर्षी बदलला. मी दवाखान्यातून घरी यायच्या आधीच बातमी गावात पोचली होती: पैलवान संपला. बघायला लोक आले. कुणी केळी आणली, कुणी पायाचं सूप. पारावरचे एक आजोबा, ऐंशी उलटली तरी स्वतःच्या पायांनी रान गाठणारे, मला म्हणाले, "काय हे पैलवान, आमच्या आधी म्हातारं झालासा?" आणि उठताना प्रत्येकाचा सल्ला एकच. "आता हलू नकासा. गप पडून ऱ्हावा."

हा सल्ला मायेचा असतो. पण नव्या गुडघ्याला त्याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही, आणि तेच सांगायला हे लिहितोय.

आईनं गुडघ्याखाली मऊ उशी दिली. बरं वाटलं. मी बारा दिवस त्या उशीवर पाय टाकून पडलो. भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचं आणि परत कॉटवर. टाके काढायला गेलो तेव्हा पाय धड वाकेना आणि धड सरळही होईना. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. उशी घ्यायची ती टाचेखाली, गुडघ्याखाली नव्हे. गुडघा अर्धवट वाकलेला राहिला की तसाच आखडतो. साधारण दोन आठवड्यांत पाय काटकोनात यायला हवा होता. माझा त्याच्या निम्म्यावर अडकला होता. फार उशीर झाला तर भूल देऊन गुडघा जोरानं मोडावा लागतो, असंही कळलं. हे आधी सांगितलं नव्हतं काय? होतं. घरी सोडतानाच्या कागदावर व्यायामाची एक ओळ होती, इंग्रजीत.

मग सुरू झाल्या फिजिओथेरपीच्या फेऱ्या. आठवड्यातनं दोनदा, गावाहून कोल्हापूर, सव्वीस किलोमीटर. वॉकर घेऊन एसटीची पहिली पायरी चढून बघा एकदा, म्हणजे कळंल. खालून कंडक्टरनं उचललं, वरनं बायकोनं ओढलं. तिचाही त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. धारेची वेळ हुकली की म्हशी दावणीला हंबरायच्या. चौथ्या आठवड्यात मी म्हणालो, बास झालं आता. ती म्हणाली, "बास म्हणायचं हुतं तर चिरून कशाला घेतलासा?"

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढं विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा कराशिवाय 54,720 रुपयांवर आला. ते चांगलंच झालं. नाहीतर माझ्यासारख्याच्या पायात तो आलाच नसता. पण धातू स्वस्त झाला म्हणून पाय चालत नाही. तो वाकवायला शिकवणारा माणूस माझ्या गावाच्या आसपास कुठंच नव्हता. बैल घेतला आणि कासरा दुकानातच राहिला, अशी ही गत.

माझं वय कमी म्हणून हे जास्त बोचतं. मला डॉक्टर पाच वर्षं थांबवत होते, साठीपर्यंत ओढा म्हणत होते. त्यांचंही खरं होतं. 2017 सालीच ब्रिटनमधल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांपैकी साधारण शंभरातल्या पस्तीस जणांवर पुढच्या आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते, असं त्यात निघालं. सत्तरीत बदलला तर हा धोका फारच कमी. म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला पहिला गुडघा जपून, पण पुरा वापरायला शिकावं लागतं. अजून वीस वर्षं शेत करायचं आहे. पडून राहून ते कसं होणार?

हे दुखणं आलं कुठून, तेही सांगतो. तेविसाव्या वर्षी एका जत्रेच्या फडात गुडघ्यात कट्कन आवाज झाला. तेल चोळलं, पट्टी आवळली, आणि तीन आठवड्यांत मी परत मातीत. इनाम पाच हजारांचं होतं. गावानं खांद्यावरून मिरवलं. गुडघा दुखतोय का, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कोल्हापुरानं कुस्तीसाठी काय केलं नाही? शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं मैदान उभं केलं. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि 1952 साली खाशाबांनी कांस्यपदक आणलं. पण पुढच्या ऑलिंपिकच्या आधी त्यांचाही गुडघा जायबंदी झाला आणि कुस्ती सुटली. मैदानाला पैसा उभा राहतो. मोडलेल्या गुडघ्यासाठी आमच्या जत्रा कमिटीची पावती मी आजवर फाटलेली बघितली नाही.

कुणी म्हणंल, तुम्ही पैलवान, तुम्हाला व्यायाम काय शिकवायचा? अहो, म्हणूनच शिकवायचा. मी दिवसाला हजार बैठका मारल्या, पण त्या मोजायला वस्ताद समोर उभा असायचा. दमलो तर शिवी, चुकलो तर छडी. एकट्यानं कॉटवर बसून दुखरा पाय दिवसातनं तीनदा वाकवायला पैलवानाची छाती पुरत नाही.

म्हणून मागणं साधं आहे. ग्रामीण रुग्णालयात निदान बाजारच्या दिवशी एक फिजिओथेरपिस्ट बसवा. दवाखान्यांनी घरी सोडताना व्यायामाचा कागद मराठीत, चित्रांसकट द्यावा, आणि घरातल्या माणसाकडून समोर करून घ्यावा. जत्रा कमिट्यांनी इनामाच्या रकमेतला काही हिस्सा जायबंदी पोरांच्या इलाजाला बाजूला काढावा, म्हणजे तेविशीतलं दुखणं सत्तेचाळिशीपर्यंत लोळत येणार नाही.

माझ्या ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. मांडी घालता येत नाही, पंगतीला खुर्ची लागते. पण बांधावरून चालतो आणि धारही काढतो, स्टुलावर बसून. संध्याकाळी तालमीच्या ओसरीवर तिघं येतात: एक ट्रॅक्टरवाला, एक शिक्षक आणि दूध घालणाऱ्या एक वहिनी. तिघांचेही गुडघे बदललेले. शहरात शिकून आलेले व्यायाम ते करतात, मी समोर उभा राहून आकडे मोजतो. वहिनींच्या सासूबाई पहिल्या दिवशी सोबत आल्या होत्या, काखेत उशी घेऊन. ती तेवढी परत न्यायला लावली.