काळी एक, पांढरी दोन?

गेल्या वर्षी जयंतीच्या कॅरम स्पर्धेत पंच आम्हीच होतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून मुले-मुली आल्या होत्या. डोंबिवलीच्या एका मुलीने रेषेमागची सोंगटी अंगठ्याने घेतली. "अंगठा चालत नाही," असे म्हणून आम्ही ती परत ठेवायला लावली. मुलगी हरली. तिचे वडील ड्युटीवरून तसेच आले होते. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, हे आधी सांगायचं होतं."

पुढे छापील नियम वाचले. अंगठ्याला मनाईच नाही! तो कायदा आमच्या चाळीतला होता.

म्हणून यंदा कार्यकर्त्यांना आधीच बसवले. आपल्याकडे घरोघरी काळी एक, पांढरी दोन असा हिशेब चालतो. रंगावरून किंमत ठरवायची ही सवय आपल्याही घरात कशी शिरली, कोण जाणे! 1988 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत दोन्ही सोंगट्यांना एकच गुण. बोर्ड जिंकणाऱ्याला समोरच्याच्या उरलेल्या सोंगट्यांइतके गुण मिळतात. राणी कव्हर केली तर आणखी तीन, पण 22 गुण झालेल्याला राणीचे काही नाही. 25 गुण किंवा आठ बोर्ड झाले की गेम संपला.

खरा वाद ब्रेकवरून झाला. ब्रेक करणाऱ्याकडे पांढऱ्या सोंगट्या, आणि पहिला हातही त्याचाच. जपान-चीनमध्ये 'गो' नावाचा पटावरचा खेळ आहे. त्यात काळा आधी खेळतो, म्हणून पांढऱ्याला भरपाईचे गुण देतात. जपानात साडेसहा, चीनमध्ये साडेसात. त्यांचेही एकमत नाही, पण कोणता हिशेब धरायचा हे डावाआधी ठरलेले असते. कॅरममध्ये भरपाई नाही, ब्रेक आळीपाळीने करायचा.

आमच्याकडे पट दोनच, आणि खेळणारे बरेच. आठ बोर्ड खेळवायचे तर रात्र उजाडेल. एकजण म्हणाला, तीनच ठेवा. आम्ही नाही म्हटले. तीनमध्ये एकाला दोन ब्रेक मिळतात, दुसऱ्याला एकच. शेवटी चार ठरले. बरोबरी झाल्यास नाणेफेक करून पाचवा.

नियम मोठ्या अक्षरांत लिहून दारावर चिकटवले आहेत. अंगठ्याचा नियम सर्वांत वर. नावनोंदणी रविवारपर्यंत आहे. त्या मुलीचे नाव अजून आलेले नाही. तिच्या वडिलांकडे निरोप धाडला आहे, उद्या आम्ही स्वतःच डोंबिवलीला जाऊन येतो.