पासापुरता विषय नव्हे

परवा ओळखीतली एक मुलगी आमच्या घरी आली. तालुक्याच्या लहानशा कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई शेतमजुरीला. म्हणाली, "काका, पर्यावरणाचा प्रकल्प द्यायचाय. झेरॉक्सच्या दुकानात तयार फाईल मिळते. नाव तेवढं बदलायचं. सगळेच घेतात. घेऊ का?"

आम्ही विचारले, "तुमच्या वस्तीत पाणी कुठलं पिता?"

"हापशीचं."

"ते कधी कुणी तपासलं?"

मुलगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "धाकट्याला सारखे जुलाब होतात, काका."

वाचकहो, आपल्या बहुतेक घरांत या विषयाला 'पासापुरता विषय' म्हणतात. पोरे पेपरच्या आदल्या रात्री गाईड चाळतात आणि मोकळी होतात. लहान कॉलेजात त्याला वेगळा प्राध्यापकही नसतो. या मुलीला भूगोलाचे सरच शिकवतात. पण हा विषय कॉलेजात आला तो सर्वोच्च न्यायालयामुळे. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना मिळावे असे सांगितले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी ५० तासांचा अभ्यासक्रम आखला. त्यात ४५ तास वर्गातले आणि ५ तास बाहेर हिंडून पाहण्याचे. १०० गुणांपैकी २५ गुण या बाहेरच्या कामाला ठेवले. जवळची नदी, तळे, डोंगर किंवा घाण झालेली जागा स्वतः पाहावी आणि लिहावी, असा त्याचा हेतू. २०२३ साली आयोगाने नवी चौकट दिली, तीतही बाहेरचे काम आहेच.

म्हणजे सरकारच आपल्या लेकरांना सांगते की आपल्या वस्तीकडे डोळे उघडून पाहा. आणि आपण दुकानातून दुसऱ्याच गावच्या नदीची फाईल आणतो!

मुलीने फाईल घेतली नाही. सरांनी तिला पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या मिळवून दिल्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, बूच लावायचे आणि एक-दोन दिवस ठेवायचे. पाणी काळे पडले तर त्यात मैल्याचे जंतू असण्याचा संभव मोठा. तिने तीन ठिकाणचे पाणी घेतले : वस्तीची हापशी, शाळेची हापशी आणि गावातला नळ. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या हापशीची बाटली काळी पडली. बाकीच्या दोन तशाच राहिल्या.

मग तिने वहीत नकाशा काढला. हापशीचा ओटा फुटलेला, भोवती सांडपाण्याचे डबके, दहा पावलांवर उघडे गटार. घरोघर जाऊन महिन्यात कोण आजारी पडले ते विचारले. शेवटी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. तेव्हा वडील म्हणाले, "गप बस. सरपंचाच्या डोळ्यावर येशील." आई म्हणाली, "येऊ दे. दवाखान्याचे पैसे सरपंच देतो का?"

अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच घेतली. आठ दिवसांत जलसुरक्षक टीसीएल पावडर घेऊन आला. ओटा मात्र अजून झालेला नाही. आई आता पाणी उकळून घेते.

पाणी हा आपल्याला कुणी नव्याने शिकवावा असा विषय नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून हक्कासाठी. त्या हक्काच्या पाण्यात आज काय आहे, हे तपासणे त्यांच्या नातवंडा-पतवंडांचे काम.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाने वा मुलीने या विषयाचे नाव काढले तर "त्यात काय एवढं" म्हणू नका. पाणी कुठून येते, कचरा कुठे जातो, गटार कोण उपसतो, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहे? ते लेकरांना सांगा. ग्रामपंचायतीला पाण्याचे लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, ते विचारा. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी शिकवायची आहे. त्यांत आपल्या वस्तीतली एक तरी बाई आहे का, हेही विचारा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या फाईलवर नाव तुमचे असते. आतली हापशीही तुमचीच असू द्या. मुलीला गुण किती मिळाले ते अजून कळायचे आहे. ओट्यासाठी तिने दुसरा अर्ज लिहिला आहे. या वेळी खाली वस्तीतल्या बायांच्या सह्या आहेत, आणि सर्वांत वर तिच्या वडिलांची.