'टक्'चा अर्थ

आपल्या महाविद्यालयांतून दरवर्षी ओहमचा नियम शिकविला जातो, पाठ होतो, परीक्षेत लिहिला जातो आणि निकाल लागेपर्यंत विसरलाही जातो. हा नियम १८२७ साली प्रसिद्ध झाला. दोनशे वर्षे होत आली, तरी तो पुस्तकाबाहेर पडून आपल्या हाती लागलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरावा हवा असेल तर कोठीच्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. कुणाची तरी मोटार बंद पडलेली असते. किल्ली फिरविली की 'टक्' असा आवाज होतो आणि इंजिन मात्र ढिम्म. लगेच चार माणसे जमतात. "बॅटरी बैठ गई, साब," असे एकजण म्हणतो; दुसरा म्हणतो सेल्फ गेला; तिसरा धक्का मारायला सरसावतो. या चौघांत एखादा विज्ञानाचा पदवीधरही असतो. तो म्हणतो, "दिवे तर झगझगीत लागताहेत, म्हणजे बॅटरी ठीकच आहे!"

हे विधान तपासून पाहू. दिव्याचा एक बल्ब साधारण ५ अँपियर प्रवाह घेतो. छोट्या मोटारीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपियर ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर जमून तेथे ०.०५ ओहमचा रोध निर्माण झाला असे समजा. दिव्याच्या वाटचे केवळ पाव व्होल्ट तेथे खर्ची पडते. दिवा पूर्वीसारखाच लागतो. पण त्याच वाटेने १०० अँपियर न्यायचे म्हटले तर ५ व्होल्ट वाटेतच संपतात. बारांतले पाच गेल्यावर सेल्फ फिरणार कसा? तात्पर्य, नुसत्या दिव्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

मग काय करावे? दिवे लावून किल्ली फिरवावी आणि कान व डोळे उघडे ठेवावेत. दिवे एकदम मंदावले आणि 'टक्-टक्-टक्' अशी सलग कटकट ऐकू आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी खराब आहे. सोलेनॉइड खटका ओढतो, व्होल्टेज कोसळते, खटका सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. ती कटकट म्हणजे हीच पुनरावृत्ती. एकच 'टक्' झाला आणि दिवे तसेच राहिले, तर मोटरपर्यंत प्रवाह पोचलेला नाही. सोलेनॉइडचे संपर्क किंवा सेल्फचे ब्रश पाहावेत. एकाच 'टक्'बरोबर दिवे फार मंदावले, तर सेल्फ अडकलेलाही असू शकतो.

मल्टिमीटर असेल तर अधिकच चांगले. तो येथल्या गुजराती गल्लीत सहज मिळतो. विश्रांतीत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खाली गेली तर ती जवळजवळ रिकामी समजावी. बॅटरी भरलेली असेल, तर किल्ली फिरवीत असताना टर्मिनल आणि त्यावरची पकड यांच्यामध्ये मीटर लावावा. तेथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी दोषी सापडला!

माझ्या परिचयाच्या एका टॅक्सीचालकाला एका दुकानात नवी बॅटरी विकण्यात आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'टक्'. दोष इंजिनाला जोडलेल्या अर्थच्या सैल तारेत होता. एक नट आवळल्यावर काम झाले. तीन दिवसांची कमाई आणि बॅटरीचे पैसे मात्र परत आले नाहीत. अज्ञानाची किंमत नेहमी गरिबालाच अधिक पडते, ती अशी.

कुणी म्हणेल, हे मिस्त्रीचे काम. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी हात काळे का करावेत? मिस्त्रीच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. पण त्याचा कान जे ओळखतो त्याचे कारण तो क्वचितच सांगतो, आणि आपण जे कारण लिहितो ते ओळखू शकत नाही. ज्ञानाची ही फाळणी दोघांच्याही हिताची नाही. केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला आणि हँडल मारण्याचा त्रास हळूहळू संपला. हा शोधसुद्धा हात काळे करणाऱ्या अभियंत्याचाच होता.

अर्थात धाडस म्हणजे ज्ञान नव्हे. टर्मिनल साफ करताना ऋण बाजूची तार प्रथम काढावी. बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये. तेथे हायड्रोजन साठलेला असू शकतो. दुसऱ्या गाडीची वीज घेताना शेवटची जोडणी बॅटरीवर न करता दूर इंजिनाच्या धातूवर करावी. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला धक्का मारून उपयोग नाही.

माझी सूचना साधी आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक जुनी बॅटरी, एक सेल्फ आणि एक गंजलेली तार ठेवावी. विद्यार्थ्याला सूत्र विचारू नये. 'दोष शोधा' एवढेच सांगावे. ज्याला तो सापडेल त्याला ओहमचा नियम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.