पाहिल्याविना सही

गेल्या महिन्यात रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चार गृहस्थ आमच्या कार्यालयात आले. चौघेही सज्जन, धर्मग्रामाच्या कार्यात नेहमी पुढे असणारे. त्यांच्या हाती एक निवेदन होते. चित्रपटगृहात लागलेल्या एका चित्रपटात आपल्या धर्माचा अवमान झाला आहे, सबब त्यावर बंदी घालावी, असा मजकूर. खाली पुष्कळ सह्या झाल्या होत्या. अगदी वरची जागा धर्मगुरूसाठी रिकामी ठेवलेली होती. आम्ही सहज विचारले, "आपल्यापैकी हा चित्रपट कोणी पाहिला आहे?" चौघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतले वडीलधारे म्हणाले, "फादर, तसला चित्रपट पाहायचा कशाला?"

आम्ही निवेदन ठेवून घेतले. सही मात्र केली नाही. त्यावरून आमच्या श्रद्धेविषयी बरेच काही बोलले गेले, ते यथावकाश आमच्या कानांवरही आले. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाचकहो, अशी सही आम्ही एकदा केलेली आहे. २००६ साली 'दा विंची कोड' आपल्याकडे येऊ घातला, तेव्हा मुंबईत निषेधाचे वादळ उठले होते. सेन्सॉरने तो प्रौढांपुरता ठेवला आणि ही कथा काल्पनिक असल्याची सूचना त्याला जोडायला लावली. आम्हीही एका निवेदनावर मोठ्या आवेशाने सही केली, वेदीवरून चार जळजळीत वाक्येही ऐकवली. मिस्सा संपल्यावर एक कॉलेजकुमार दाराशी आला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "फादर, तुम्ही पाहिलात का तो?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. पुढे दोन वर्षांनी तो चित्रपट पाहिला. तो इतका रटाळ निघाला, की मध्यंतरानंतर आम्हाला डुलकी लागली. ज्याने आमची झोपही उडवली नाही, तो आमची श्रद्धा काय उडवणार होता? त्या तरुणाचा प्रश्न मात्र आजही आमची झोप उडवतो. एरवी आम्ही मुलांना दहा आज्ञा शिकवतो, त्यांत खोटी साक्ष देऊ नकोस अशी एक आहे. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष खोटीच नव्हे काय?

आम्ही चित्रपटांचे जाणकार नाही. केवळ हौशी प्रेक्षक आहोत. आमच्या लहानपणी चर्चच्या पटांगणात पांढरी चादर ताणून प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचा चित्रपट दाखवीत. सेमिनरीत सणासुदीला व्हिडिओवर निवडक चित्रपट पाहायला मिळत. आक्षेपार्ह प्रसंग आला की पडद्यापुढे उभे राहण्याचे काम एका विद्यार्थ्याकडे असे. त्या काळापासून आजवर आमच्या समाजात चित्रपटाची परीक्षा दोनच प्रश्नांनी होत आली आहे. त्यात काही अश्लील आहे काय? आणि त्यात आपल्याला कसे दाखवले आहे? तिसरा प्रश्न कोणी विचारीत नाही: हा चित्रपट माणसाविषयी खरे बोलतो काय?

हा तिसरा प्रश्न विचारला, की आमच्या आवडीनिवडीची मांडणी पार उलटीपालटी होते. उदाहरणादाखल मेल गिब्सन यांचा २००४ सालचा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' घ्या. कित्येक कुटुंबे तो अश्रू ढाळीत पाहून आली. आम्हाला तो आवडला नाही, हे आज छापून टाकतो. त्यातील पात्रे अरामी आणि लॅटिन बोलतात, हे कौतुकास्पद खरे. पण योहानाने ज्या फटक्यांची नोंद एका वाक्यात केली, ते फटके हा चित्रपट मिनिटामागून मिनिटे मोजत राहतो. रक्तमांसाचा एवढा तपशील, आणि पुनरुत्थानाच्या वाट्याला शेवटचे काही क्षण. आम्ही बाहेर आलो तेव्हा मन बधिर झाले होते. बधिरतेला भक्ती म्हणण्याची आमची तयारी नाही.

याउलट पिएर पाओलो पासोलिनी यांचा 'मत्तयकृत शुभवर्तमान' पाहा. पासोलिनी हे निरीश्वरवादी आणि मार्क्सवादी. १९६३ साली आधीच्या एका लघुपटाबद्दल धर्माचा अवमान केल्याचा ठपका ठेवून इटलीच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले होते. आमच्या आजच्या निकषाने हा गृहस्थ पहिल्या फटक्यात बाद! पण त्याच माणसाने पुढच्याच वर्षी, १९६४ साली, हा चित्रपट केला. नट व्यावसायिक नाहीत. ख्रिस्ताच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी आणि वृद्ध मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई. संवाद मत्तयाच्या ग्रंथातलेच. हा चित्रपट त्यांनी पोप तेविसावे योहान यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यातला ख्रिस्त गोरागोमटा, हळुवार, कॅलेंडरवरचा नाही. तो भराभर चालतो, मागे वळून शिष्यांशी बोलतो, परुश्यांना फटकारतो. क्रुसाखाली उभ्या असलेल्या त्या म्हातारीचा आक्रोश पाहून आम्ही दुसऱ्या दिवशीचे प्रवचन फाडून नव्याने लिहिले.

हे आमचेच खूळ, असे कोणी समजू नये. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली, तीत पासोलिनींचा हा चित्रपट आहे. श्रद्धा न मानणाऱ्या लुई बुन्युएल यांचा 'नाझारिन'ही आहे. रोबेर्तो रोस्सेलिनी यांची गोष्ट तर अधिकच बोलकी. त्यांच्या 'द मिरॅकल' या चित्रपटावर न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांनी १९५१ साली बहिष्कार पुकारला आणि चित्रपटगृहापुढे कॅथलिकांनी निदर्शने केली. १९९५ च्या यादीत त्याच रोस्सेलिनींचे दोन चित्रपट आहेत. एक 'रोम, ओपन सिटी' आणि दुसरा संत फ्रान्सिसवरचा. निदर्शकांचे फलक तोवर कुठल्या कुठे गेले होते.

त्या यादीविषयीही आमची एक तक्रार आहे. तीत 'गांधी' आहे. पण तो ॲटनबरो यांचा. भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही. आमचा अधिकार चालता, तर प्रभातचा 'संत तुकाराम' आम्ही पहिल्या पंक्तीत बसवला असता. १९३६ सालच्या या मराठी चित्रपटाचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम थोर खराच. पण आमचे मन जिंकते ती गौरीने रंगवलेली त्याची बायको. ती देवाला शिव्या घालते, म्हशीला गोंजारते, मुलांच्या तोंडी घास कसा पडेल या विवंचनेत जगते. अखेरीस नवरा वैकुंठाला निघतो आणि ती मुलाबाळांसाठी घरी राहते. आमच्या धर्मग्रामात अशा कितीतरी आवल्या आहेत. त्या रोजच्या मिस्साला येत नाहीत. त्यांचा ख्रिस्तयाग चुलीपुढे चाललेला असतो.

आता आपल्या चित्रणाविषयी. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस दारुडा असतो, त्याची मुलगी तोकड्या कपड्यांत वावरते आणि त्याची हिंदी मोडकी असते, ही तक्रार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यात तथ्य आहे. 'बॉबी'तला जॅक ब्रगांझा पितो आणि 'अमर अकबर अँथनी'तला अँथनी दारूचा गुत्ता चालवतो. तरीही प्रांजळपणे सांगतो, तो अँथनी आम्हाला प्रिय आहे. तो ख्रिस्ताशी ज्या सलगीने बोलतो, तेवढ्या सलगीने बोलणे आम्हालाही सगळ्याच दिवशी साधत नाही.

आमचा खरा संताप वेगळ्या गोष्टीवर आहे. भल्याथोरल्या ईस्टर अंड्यातून बाहेर पडून तो नायक जे नाव सांगतो, त्या नावाचा एक खराखुरा माणूस होऊन गेला. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले. १९७७ पासून ते नाव साऱ्या देशाच्या ओठांवर आहे. पण तो माणूस कितीजणांना ठाऊक आहे? शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि त्यांच्यासारखे कितीतरी गोवेकर वादक हिंदी चित्रपटसंगीतात आयुष्यभर राबले. त्यांच्यातील कित्येकांची नावे श्रेयनामावलीत कधी झळकलीच नाहीत. दारुड्या अँथनीवर निवेदने लिहिणाऱ्या आम्हांपैकी कोणी या नावांसाठी एक कागद तरी काळा केला काय?

आणि पडद्यावर आपले खरे दर्शन घडले, तेव्हा आम्ही कौतुकाला तरी धावलो काय? 'अनाडी'तली मिसेस डिसा आठवा. खाष्ट सासू म्हणून गाजलेल्या ललिता पवार यांनी १९५९ साली ती उभी केली. वरून कडक, आतून लोण्याहून मऊ. धनिकाच्या कारखान्यातल्या भेसळयुक्त औषधाने ती मरते आणि तिच्या मरणाने साऱ्या चित्रपटाचा विवेक जागा होतो. अपर्णा सेन यांच्या १९८१ सालच्या '३६ चौरंगी लेन'मधील वृद्ध अँग्लो-इंडियन शिक्षिका नाताळच्या रात्री केक घेऊन ज्यांच्या दारी जाते, त्यांनी तिला टाळण्यासाठी खोटे सांगितलेले असते. खिडकीच्या काचेतून तिला आतली मेजवानी दिसते. तो चित्रपट पाहिल्यापासून नाताळच्या रात्री आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरे आधी घेतो.

आता आम्हाला न आवडलेल्या चित्रपटांत सर्वांत लाडक्या चित्रपटाचे नाव घेतो. वाचक भगिनींनी क्षमा करावी. १९९४ सालचा 'हम आपके हैं कौन'. सर्वांनी तो 'स्वच्छ, कौटुंबिक' म्हणून नावाजला. अश्लील काही नाही, कोणाच्या धर्माची निंदा नाही. मग निवेदन कोण काढणार? पण त्यातले घर पाहा. त्या घरात पैशाची चिंता औषधालाही नाही. थोरली बहीण वारल्यावर धाकटीला तिच्या नवऱ्याच्या गळ्यात बांधण्याचे ठरते, आणि तिचे मन दुसऱ्यावर जडले आहे, हे प्रेमळ म्हणवणाऱ्या वडीलधाऱ्यांना उमगत नाही. ते शेवटी एका कुत्र्यामुळे उघड होते! त्या चित्रपटानंतर आमच्या गावांतील लग्नांचे मांडव वाढले, कपडे वाढले, कर्जे वाढली. जमिनीचा तुकडा विकून मुलीचे लग्न 'सिनेमासारखे' करणारे बाप आम्ही पाहिले आहेत. श्रद्धेला धक्का कशाने लागतो, याचा हिशेब आपण कधी तरी मांडणार आहोत काय?

यावर कोणी विचारील, "म्हणजे कोणी आपल्या श्रद्धास्थानांवर चिखल उडवला तर गप्प बसायचे?" मुळीच नाही. मुलांनी काय पाहावे यावर आईबापांची नजर हवी, याविषयीही दुमत नाही. परंतु निषेध करणाऱ्याने आधी पाहावे, मग विचार करावा, मग स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहावे. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा ख्रिस्ताच्या जीवनावरील एका मूकपटाने दिली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जन्मला. त्यांनी परक्या धर्माचा चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिला. त्यांनी पाहण्याआधीच निवाडा केला असता, तर?

ते निवेदन अजून आमच्या मेजावर आहे. त्या चौघांना आम्ही निरोप धाडला आहे, की येत्या शनिवारी आपण पाचजण मिळून तो चित्रपट पाहू. तिकिटांचे पैसे आमच्याकडे. नंतर धर्मग्रामाच्या सभागृहात बसून तासभर बोलू. ज्यांना यायचे असेल त्या सर्वांनी, विशेषतः तरुणांनी, यावे. चित्रपट खरोखरच तसा निघाला, तर सही आम्ही करू, आणि सर्वांत वर करू. दोघांचा होकार आला आहे. उरलेल्या दोघांची वाट पाहत आहोत.