चौदाव्या दिवसाचा प्रश्न

प्रथम वर्षाच्या वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण शिकविताना पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा एक दाखला हमखास द्यावा लागतो. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच राहते, पगार तेवढा थांबतो. विद्यार्थी हसतात. मीही अनेक वर्षे त्यांच्याबरोबर हसत आलो. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तली आणि हे गणित मला उलट बाजूने सोडवावे लागले. स्वयंपाकाला बाई आल्या, कपडे इस्त्रीवाल्याकडे जाऊ लागले, मुलीला शिकवणी लावावी लागली. हिशेबाच्या दृष्टीने पाहता गंगापूर रोडवरील माझ्या घराने त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नात भरच घातली.

आपले दुःख वर्तमानपत्राच्या या पानावर मांडू नये, हे मला कळते. परंतु त्या दुःखाने जे काही दाखविले ते माझ्या एकट्याचे नाही. 2019 साली झालेल्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत असे आढळले, की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि जे पुरुष ते करतात ते 97. हे आकडे मी फळ्यावर लिहीत असे. विरजण कधी लावायचे, दूधवाल्याचे खाडे कोठे मांडून ठेवले आहेत, कोणत्या नातलगाला दिवाळीत पत्र पाठवायचे नि कोणाला नुसता निरोप पुरतो, हे सारे त्या 299 मिनिटांत असते, हे मात्र फळ्यावर कधी उमटले नाही.

नाशिक हे गाव मृत्यूच्या विधींना सरावलेले आहे. रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात. दहाव्याला काय, तेराव्याला काय, याचे उत्तर येथे कोणीही तोंडपाठ सांगेल. तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते, पिठलेभात शेजारून येतो, कोणी ना कोणी सोबतीला झोपते. या व्यवस्थेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही, तिने मला सावरले. परंतु चौदाव्या दिवशी सकाळी चहाला दोन कप काढले गेले, एक परत ठेवावा लागला आणि त्या दिवसासाठी आपल्या परंपरेने काहीही सांगून ठेवलेले नाही हे माझ्या ध्यानात आले.

असे म्हटले तरी पुरुषाचा चौदावा दिवस आणि स्त्रीचा चौदावा दिवस यांत अंतर आहे. माझ्या अंगावरून कोणी काही उतरविले नाही. उलट महिना लोटला नाही तोच 'मुलीसाठी तरी' म्हणून स्थळे सुचविली गेली. त्याच सुमारास आमच्या कार्यालयातील एका लिपिक भगिनीचे यजमान गेले. वयाने त्या माझ्याहून लहान, मूल एकच. त्यांना स्थळ कोणी सुचविले नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मात्र बंद झाले. 2011 च्या जनगणनेत देशातील विधवांची संख्या विधुरांच्या तिपटीहून अधिक आहे. स्त्रियांचे आयुष्यमान आणि वयातील अंतर ही त्याची कारणे खरीच, पण पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो आणि स्त्री चढत नाही, हेही एक कारण आहे.

या दृष्टीने कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाचा ठराव मला महत्त्वाचा वाटतो. 4 मे 2022 रोजी शिरोळ तालुक्यातील या गावाच्या ग्रामसभेने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचे ठरविले. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचा तो आठवडा होता. त्याच महिन्याच्या 17 तारखेस शासनाने परिपत्रक काढून हा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असे सुचविले. ठरावाने मने बदलत नाहीत, अशी टीका झाली. ती अंशतः खरी आहे. पण ज्या बाईला त्या क्षणी 'नको' म्हणावयाचे असते, तिच्या पाठीशी गावाचा लेखी शब्द असणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

माझी शंका वेगळी आहे. कुंकू राहिले, पुढे काय? त्या लिपिक भगिनींच्या यजमानांनी बँकेच्या खात्यावर नाव नोंदविले नव्हते. वारस असल्याचा पुरावा, प्रतिज्ञापत्र, दोन जामीनदार असे करीत चार महिने त्या रजा काढून खेटे घालीत होत्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी मुलांच्या बरोबरीची वारस आहे. कायदा तिच्या बाजूचा आहे, खिडकी नाही. कमावते माणूस गेल्यावर पहिले सहा महिने घरात रोख पैसा नसतो आणि नेमक्या त्याच काळात शुल्क, भाडे, हप्ते थांबत नाहीत. गरीब विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून 2023 पासून महिना 1500 रुपये मिळू लागले, पण तेथेही आधी कागद, मग पैसा. शोकाने माणूस खचतो हे आपण मानतो. रांगेने तो अधिक खचतो, हे मानीत नाही.

धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई 1891 साली वारल्या. फर्ग्युसनमधील या विधुर प्राध्यापकाला कुमारिका सहज मिळाली असती. त्यांनी 1893 मध्ये शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी विवाह केला, आणि पुढे विधवांसाठी आश्रम काढला. आणि आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक! 1919 मध्ये पती गेले तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. शाळेचे शिक्षण नव्हते. त्यानंतर त्यांनी नोकरी केली, टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' पुढे नेले आणि 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध केली. दुःखातून बाहेर पडा, असा उपदेश मला आजही अनेकजण करतात. लक्ष्मीबाईंकडे पाहता असे दिसते, की त्या बाहेर पडल्याच नाहीत. गेलेल्या माणसाला बरोबर घेऊन त्या कामाला लागल्या. माझ्या घरी अजून दोन कप निघतात, दुसरा आता मुलीचा असतो.

प्रत्येकाला लेखणी नसते, कागद मात्र प्रत्येकाला भरावे लागतात. म्हणून शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांनी एक साधी गोष्ट करावी. सभासदाचा जोडीदार दगावल्यास वारसनोंद, निवृत्तिवेतन, विमा, बँक या कामांसाठी संस्थेचा एक माहीतगार माणूस चौदाव्या दिवशी घरी जावा, आणि दावे मंजूर होईपर्यंत अल्प रक्कम बिनव्याजी मिळावी. खर्चाचा अंदाज मी काढला आहे, तो लाभांशाला झळ पोचविणारा नाही. आमच्या पतसंस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढे हा ठराव मी ठेवीत आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे, अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.