चौकातला फलक आणि परतलेला मुलगा

परभणीहून जिंतूरकडे निघाले की झरी लागते. अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पोरे धावत असतात. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटे. हा आकडा त्यांना जन्मतारखेसारखा पाठ. त्यातला एखादा सैन्यात भरती होतो, चौकात त्याच्या फोटोचा फलक लागतो, फेटा बांधून मिरवणूक निघते.

आणि चार महिन्यांनी तोच मुलगा एस.टी.तून लंगडत उतरतो. वैद्यकीय कारणावरून प्रशिक्षणातून कमी केलेला.

"सुट्टीवर आलास का रे?" या प्रश्नापासून त्याचे खरे हाल सुरू होतात. खरे सांगावे तर 'झेपलं नाही' हा शेरा ठरलेला. वडील पारावर जायचे टाळतात, आई नजर उतरवते. घरातले हे अवघडलेपण त्याला पायापेक्षा जास्त दुखते, असे माझे मत आहे.

वास्तविक नव्या जवानांचे एक नेहमीचे दुखणे म्हणजे नडगीच्या हाडाला पडणारी केसासारखी चीर. बूट घालून तासन्‌तास कवायत, धावणे, पाठीवर ओझे. हाडाला सावरायला सवडच मिळत नाही. जगभरच्या सैन्यांत हे घडते. मागच्या तुकडीत टाकतील या भीतीने जो दुखणे लपवतो, त्याचेच जास्त बिघडते. याला भित्रेपणा कसे म्हणायचे?

अधिकारी होऊ घातलेल्यांचीही हीच कथा. १९८५पासून खडकवासल्याची प्रबोधिनी आणि डेहराडूनची अकादमी यांतून सुमारे ५०० छात्र वैद्यकीय कारणाने बाहेर पडल्याची बातमी आली आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यांना माजी सैनिक मानले जात नव्हते. त्याच महिन्यात सरकारने माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना खुली केली.

झरीचा मुलगा मात्र छात्र नव्हे, अग्निवीर. २०२२च्या योजनेत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाला ५०, ७५ आणि १०० टक्क्यांप्रमाणे १५, २५ आणि ४४ लाख रुपये आहेत. पण ज्याचे हाड काही महिन्यांत भरून येईल, त्याला या कोष्टकात जागाच नाही. त्याला जे मिळायचे ते घरातूनच.

तेव्हा आधी कागद सांभाळा. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सेवामुक्तीचा कागद, एक्स-रे. सगळ्याच्या दोन-दोन प्रती. परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते दाखवा. निदान कागदाचा अर्थ सांगणारे कोणी भेटेल. मग हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मामा-काका म्हणतील, "आता पोलीस भरतीला पळ." तिथेही सोळाशे मीटर आहेतच! खुल्या गटालाही अठ्ठावीस वर्षांपर्यंत वय चालते. एवढी घाई कोणाला आहे?

तो रात्री झोपत नसेल, जेवत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात कमीपणा नाही. पाहुण्यांपुढे त्याच्या वतीने थापा मारू नका. "पायाला लागलं, परत पाठवलं" एवढे बापाने चारचौघांत एकदा स्पष्ट म्हटले की पोराला तोंड लपवावे लागत नाही.

आणि चौकातला तो फलक? उतरवायचा की राहू द्यायचा, ते त्यालाच विचारा.